व्यत्ययाच्या भीतीतून शिस्तीकडे : एड्सगर डाइकस्ट्रा यांचे जीवनकार्य

संगणकावर मजकूर लिहिला जात असतानाच प्रिंटर कागद छापत असतो, ध्वनिवर्धकातून गाणे ऐकू येत असते आणि इंटरनेटवरून माहिती उतरत असते. ही सर्व उपकरणे त्याच प्रोसेसरकडे, त्याच स्मृतीकडे आणि त्यांना जोडणाऱ्या मोजक्या वाहिन्यांकडे आपापली मागणी नोंदवीत असतात. कोणाला काय, केव्हा आणि किती काळ द्यायचे, याचा निवाडा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजेच कर्नल, करतो. प्रत्येक उपकरणाच्या वतीने त्याच्याशी बोलणाऱ्या प्रोग्रामला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. हा निवाडा योगायोगावर न सोडता गणितासारखा तपासता आला पाहिजे, हा आग्रह ज्यांनी आयुष्यभर धरला, ते डच शास्त्रज्ञ म्हणजे एड्सगर डाइकस्ट्रा.

दोन गावांमधील सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याच्या रीतीमुळे त्यांचे नाव जगभरातील विद्यार्थ्यांना परिचित आहे. मात्र संगणकाच्या अंतर्गत कारभाराला त्यांनी दिलेली शिस्त तितकीच मोलाची असून तिची चर्चा तुलनेने कमी होते.

बालपण आणि शिक्षण

डाइकस्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते आणि माध्यमिक शाळेत अध्यापन करीत. आईने गणिताचे शिक्षण घेतले होते. तिने कधी नोकरी केली नाही, तरी मुलाच्या विचारांवर तिच्या नेटक्या मांडणीचा ठसा उमटला. शालेय वयात डाइकस्ट्रा यांना कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करण्याची इच्छा होती. शास्त्रविषयांतील उत्तम गुणांमुळे ते १९४८ मध्ये लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामिंगचा एक अल्पकालीन वर्ग भरला. त्याला हजर राहिलेल्या डाइकस्ट्रा यांना पुढील वर्षी, मार्च १९५२ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात आड्रियान व्हॅन वाइनगार्डन यांच्या हाताखाली काम मिळाले. भौतिकशास्त्र की प्रोग्रामिंग, असा पेच त्यांच्यासमोर होता. प्रोग्रामिंगला त्या काळी शास्त्राचा दर्जा नव्हता. तो दर्जा मिळवून देणाऱ्यांपैकी आपणच एक का होऊ नये, या व्हॅन वाइनगार्डन यांच्या सूचनेने पेच सुटला.

समाजाने मात्र हा व्यवसाय लवकर स्वीकारला नाही. १९५७ मध्ये केंद्रातील सहकारी रिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना डाइकस्ट्रा यांनी नोंदणी अर्जात आपला व्यवसाय प्रोग्रामर असा लिहिला. असा कोणताही व्यवसाय अस्तित्वात नाही, या कारणाने अधिकाऱ्यांनी ती नोंद नाकारली. अखेर कागदोपत्री ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ राहिले.

यंत्राचा व्यत्यय

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्यापुढे असा प्रश्न उभा राहिला, ज्याने त्यांच्या पुढील संशोधनाला दिशा दिली. इलेक्ट्रोलॉजिका या डच कंपनीसाठी एक्स-१ नावाचा संगणक आकारास येत होता. ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन हे यंत्ररचना पाहत होते. त्या यंत्राचे मूलभूत प्रोग्राम लिहिण्याची जबाबदारी डाइकस्ट्रा यांच्याकडे होती.

तोवरच्या बहुतेक यंत्रांत एक मोठा अपव्यय होत असे. कागदी पट्टीवर छिद्रे पाडणारे यंत्र किंवा टंकलेखन यंत्र आपले काम संपवेपर्यंत संगणक नुसता वाट पाहत थांबे. उपकरणाचा वेग सेकंदाला मोजक्या अक्षरांचा, तर संगणकाचा सेकंदाला हजारो क्रियांचा. लोपस्ट्रा आणि स्कोल्टन यांनी यावर उपाय सुचविला. संगणकाने आपली आकडेमोड चालू ठेवावी. उपकरणाचे काम झाले की त्याने संकेत द्यावा. संकेत मिळताच संगणकाने हातातील काम बाजूला ठेवून उपकरणाकडे पाहावे आणि मग सोडलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करावी. या संकेताला इंटरप्ट, अर्थात व्यत्यय, असे म्हणतात.

या कल्पनेने डाइकस्ट्रा घाबरले. व्यत्यय केव्हा येईल, हे आधी सांगता येत नाही. कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये तो येऊ शकतो. त्यामुळे तोच प्रोग्राम, त्याच आकड्यांवर पुन्हा चालविला तरी घटनांचा क्रम तोच राहील याची खात्री उरत नाही. एखादी चूक शंभर वेळा लपून राहील आणि एकशे एकाव्या वेळी डोके वर काढील. पुन्हा पाहू गेल्यास ती सापडणारही नाही. चाचणी घेऊन चुका शोधण्याचा रुळलेला मार्ग येथे खुंटत होता. डाइकस्ट्रा यांनी सुमारे तीन महिने या रचनेला होकार दिला नाही. सहकाऱ्यांच्या आग्रहापुढे अखेर त्यांचा विरोध मावळला.

होकार दिल्यानंतर त्यांनी वेगळी वाट धरली. चाचणीवर विसंबता येत नसेल, तर प्रोग्राम बरोबर आहे हे तर्काने सिद्ध करावे लागेल, असे त्यांनी ठरविले. व्यत्यय येताच यंत्राची स्थिती कशी जपून ठेवावी, ती जशीच्या तशी परत कशी आणावी आणि त्या नाजूक क्षणी दुसऱ्या व्यत्ययाला कसे रोखून धरावे, याची त्यांनी काटेकोर मांडणी केली. एक्स-१ चे उपकरणांशी संवाद साधणारे हे प्रोग्राम हा त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय झाला. १९५९ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाने तो स्वीकारला. आजच्या डिव्हाइस ड्रायव्हरमध्ये व्यत्यय हाताळणारा जो भाग असतो, त्याच्या आरंभीच्या शास्त्रशुद्ध विवेचनांपैकी हे एक होय.

रेल्वेचा संकेत

एकाहून अधिक कामे एकाच वेळी चालू लागली, की एकाच वस्तूवर दोघांचा हक्क सांगण्याचा प्रसंग येतोच. दोन प्रोग्राम एकाच प्रिंटरवर एकाच वेळी छापू लागले, तर कागदावर दोघांच्या ओळींची खिचडी होईल. एका वेळी एकालाच प्रवेश मिळावा, हे नुसत्या आज्ञांच्या क्रमाने साधता येईल काय, असा प्रश्न डाइकस्ट्रा यांनी गणित केंद्रातील सहकाऱ्यांपुढे ठेवला. थिओडोरस डेकर यांनी दोन प्रोग्रामपुरते त्याचे उत्तर शोधले. कितीही प्रोग्राम असले तरी लागू पडणारे उत्तर डाइकस्ट्रा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले.

तथापि ती उत्तरे व्यवहारात किचकट होती. १९६२ मध्ये डाइकस्ट्रा आइंडहोवन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या सुमारास त्यांनी एक सुटसुटीत साधन शोधले आणि त्याला रेल्वेच्या संकेतदर्शक हाताचे, म्हणजे सेमाफोरचे, नाव दिले. एकेरी लोहमार्गावर चालकाच्या हाती टोकनचा गोळा पडल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही, आणि पुढच्या स्थानकात तो गोळा परत केल्यावरच दुसऱ्या गाडीला मार्ग खुला होतो. ही पद्धत भारतीय प्रवाशांनीही अनेक वर्षे पाहिली आहे. सेमाफोरचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

सेमाफोर म्हणजे कर्नलने सांभाळलेला एक अंक. त्यावर दोनच क्रिया करता येतात. प्रवेश हवा असलेला प्रोग्राम पहिली क्रिया करतो. अंक शून्याहून मोठा असल्यास तो एकाने कमी होतो आणि प्रोग्राम पुढे जातो. अंक शून्य असल्यास प्रोग्रामला झोपवून ठेवले जाते. काम संपविणारा प्रोग्राम दुसरी क्रिया करतो. त्याने अंक वाढतो किंवा झोपलेल्यांपैकी एक जागा होतो. या क्रियांना डाइकस्ट्रा यांनी पी आणि व्ही अशी अक्षरे दिली. जाणे आणि मोकळे करणे या अर्थांच्या डच शब्दांवरून ती आली आहेत. थांबलेला प्रोग्राम प्रोसेसरचा वेळ खात नाही, हा या साधनाचा मोठा लाभ होता.

याच साधनाने व्यत्ययाची भीतीही आटोक्यात आली. उपकरणाचे काम संपल्याचा संकेत म्हणजे उपकरणाने केलेली व्ही क्रिया, असे मानले की यंत्र आणि प्रोग्राम यांचे नाते दोन प्रोग्राममधील नात्यासारखेच होते. कोण वेगवान आणि कोण मंद, याचा विचार करण्याची गरजच उरत नाही.

पेढीवाल्याची सावधगिरी

साधनसामग्रीच्या वाटपात आणखी एक धोका असतो. एका प्रोग्रामने प्रिंटर धरून ठेवला आणि तो टेप यंत्राची वाट पाहू लागला. दुसऱ्याने टेप यंत्र धरून ठेवले आणि तो प्रिंटरची वाट पाहू लागला. कोणीही माघार घेत नाही आणि दोघेही कायमचे अडकतात. अरुंद पुलावर समोरासमोर आलेल्या दोन वाहनांप्रमाणे होणाऱ्या या कोंडीला डेडलॉक म्हणतात.

ती टाळण्यासाठी डाइकस्ट्रा यांनी पेढीवाल्याचे उदाहरण योजले. पेढीचे भांडवल १० लाख रुपये आहे, असे समजू. पहिल्या ग्राहकाची एकूण गरज ८ लाखांची असून त्याने ५ लाख उचलले आहेत. दुसऱ्याची गरज ४ लाखांची असून त्याने २ लाख घेतले आहेत. तिसऱ्याची गरज ६ लाखांची असून त्याच्याकडे १ लाख गेले आहेत. पेढीत २ लाख शिल्लक आहेत. पूर्ण गरज भागल्यावरच ग्राहकाचे काम तडीस जाते आणि तो सर्व रक्कम परत करतो.

आता तिसरा ग्राहक आणखी १ लाख मागतो. तिजोरीत पैसे असूनही शहाणा पेढीवाला त्याला थांबण्यास सांगतो. कारण ते दिल्यास १ लाख उरेल आणि तिघांपैकी एकाचीही उरलेली गरज पूर्ण करण्याची हमी पेढीला देता येणार नाही. हीच मागणी दुसऱ्या ग्राहकाने केली, तर ती मान्य करता येते. शिल्लक राहिलेल्या १ लाखात त्याचे काम पुरे होते, त्याचे ४ लाख परत येतात आणि त्यातून पहिल्याची व नंतर तिसऱ्याची गरज भागते. केवळ शिल्लक पाहून वाटप करू नये. दिल्यानंतर सर्वांची सुटका होण्याचा निदान एक मार्ग उरतो की नाही, हे पाहावे, असा हा नियम आहे.

१९६५ मध्ये डाइकस्ट्रा यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षेत असाच एक प्रश्न घातला. पाच संगणक सामाइक टेप यंत्रांसाठी परस्परांशी स्पर्धा करीत आहेत, अशी त्याची कल्पना होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी पुढे त्याला गोल मेजाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले. दोन काटे हाती आल्याशिवाय खाता न येणारे हे तत्त्वज्ञ आज संगणकशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत भेटतात.

थरांची रचना

या सर्व विचारांची कसोटी आइंडहोवन येथे लागली. डाइकस्ट्रा आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोलॉजिका एक्स-८ या संगणकासाठी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून ती टीएचई या नावाने ओळखली जाते. यंत्राची स्मृती ३२ हजारांहून थोड्या अधिक शब्दांची होती. तिच्या मदतीला सुमारे ५ लाख शब्द साठविणारा चुंबकीय ड्रम होता. त्याखेरीज कागदी पट्टी वाचणारी तीन यंत्रे, छिद्रे पाडणारी तीन यंत्रे, दोन टेलिप्रिंटर, एक आलेखक आणि एक प्रिंटर अशी दहा उपकरणे जोडलेली होती.

हा पसारा त्यांनी एकावर एक रचलेल्या थरांत विभागला. सर्वांत खालचा थर प्रोसेसरचा वेळ वाटून देई. त्यावरचा थर स्मृती आणि ड्रम यांमधील देवाणघेवाण पाही. तिसरा थर चालकाच्या टंकलेखन यंत्राचा ताबा सांभाळी. ते यंत्र एकच असले तरी वरच्या प्रत्येक कामाला आपल्याकडे स्वतंत्र यंत्र असल्याचा भास होई. चौथा थर उपकरणांकडे जाणारी आणि त्यांच्याकडून येणारी माहिती तात्पुरती साठवून पुढे पाठवी. त्याच्यावर वापरकर्त्यांचे प्रोग्राम असत. प्रत्येक थराला फक्त खालच्या थरांवर विसंबण्याची मुभा होती.

या रचनेचा लाभ चाचणीच्या वेळी दिसला. खालचा थर निर्दोष ठरल्यावरच त्यावर पुढचा थर चढविला गेला. साधारणपणे पाचशे आज्ञांमागे एक किरकोळ चूक आढळली आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत सापडली. एकदा दिसून पुन्हा न दिसणाऱ्या ज्या चुकांची डाइकस्ट्रा यांना दहा वर्षांपूर्वी धास्ती वाटली होती, त्यांना येथे वावच उरला नव्हता. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील गॅटलिनबर्ग येथे त्यांनी या कामाचा अहवाल मांडला आणि मे १९६८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गटातील निको हाबरमान यांनी कोंडी टाळण्याच्या प्रश्नावर काम करून १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

यशामागची किंमत

या यशाने डाइकस्ट्रा यांना समाधान मात्र दिले नाही. आइंडहोवनच्या गणित विभागात अशा कामाला गणित मानण्यास अनेकांची तयारी नव्हती. त्यांचा गट फार काळ एकत्र राहिला नाही. त्यानंतरच्या काळात त्यांना दीर्घ नैराश्याने घेरले. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी लेखणी हाती घेतली. मोठा प्रोग्राम बुद्धीच्या आवाक्यात ठेवून कसा लिहावा, या विषयावरील त्यांची टिपणे १९६९ मध्ये सहकाऱ्यांच्या हाती पडली. त्यांतून स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंग या विचाराचा जगभर प्रसार झाला. प्रोग्राममध्ये मनमानी उड्या मारू देणाऱ्या गो टू या आज्ञेविरुद्ध मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्राने आधीच खळबळ उडवून दिली होती.

१९७२ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी ते बरोज कंपनीचे संशोधक झाले आणि न्यूनेन या गावातील आपल्या घरातूनच काम करू लागले. १९८४ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे आयआयटी मद्रासचे पदवीधर मणी चंडी आणि आयआयटी कानपूरचे पदवीधर जयदेव मिश्रा हे भारतीय वंशाचे संशोधक आधीपासून कार्यरत होते. जेवणाऱ्या तत्त्वज्ञांच्या कोड्याचा विस्तार करणारा या दोघांचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

डाइकस्ट्रा यांची राहणी साधी, तर मते रोखठोक होती. संगणकाच्या अंतर्गत कारभारावर अधिकाराने लिहिणाऱ्या या शास्त्रज्ञाने स्वतः मात्र अनेक वर्षे संगणक वापरला नाही. शाईच्या लेखणीने, सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आपली टिपणे ते छायाप्रती काढून मित्रांना पाठवीत. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक दिलेल्या अशा टिपणांची संख्या १३०० च्या वर गेली. नोव्हेंबर १९९९ मध्ये ते निवृत्त झाले. कर्करोगाशी झुंज देत ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

आजचा कर्नल

व्यत्ययाच्या वाहिन्या, स्मृतीचे पत्ते आणि माहिती परस्पर वाहून नेण्याचे मार्ग ही आजच्या डिव्हाइस ड्रायव्हरला लागणारी सामग्री आहे. १९९० च्या दशकापर्यंत वैयक्तिक संगणकात व्यत्ययाच्या जेमतेम सोळा वाहिन्या असत. ध्वनीचे कार्ड आणि दुसरे एखादे कार्ड एकाच वाहिनीवर बसविले गेले, की दोन्ही बंद पडण्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. आता ड्रायव्हर कर्नलकडे मागणी नोंदवितो. कर्नल आपल्या नोंदवहीत पाहतो. जागा दुसऱ्याकडे असल्यास मागणी फेटाळतो आणि काम संपल्यावर ती परत घेतो.

१९९१ पासून विकसित होत असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये सेमाफोर आजही आहे. पी आणि व्ही यांना तेथे अंक खाली आणणे आणि वर नेणे या अर्थांची इंग्रजी नावे मिळाली आहेत. पेढीवाल्याचा नियम मात्र सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीममध्ये क्वचितच वापरला जातो, कारण प्रत्येक प्रोग्रामची कमाल गरज आधी माहीत असणे व्यवहारात कठीण असते. त्याऐवजी कुलुपे नेहमी ठरावीक क्रमानेच घ्यावीत, असा दंडक पाळला जातो. हा क्रम मोडल्यास सावध करणारी यंत्रणा २००६ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झाली.

या शिस्तीत थोडी उणीव राहिली तर काय होते, याचा प्रत्यय १९९७ मध्ये मंगळावर आला. ४ जुलै रोजी तेथे उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी वारंवार स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या दुय्यम कामाने सामाइक माहिती-वाहिनीचे कुलूप धरून ठेवले होते आणि अधिक महत्त्वाचे काम त्यामुळे अडून बसत होते. अभियंत्यांनी पृथ्वीवर तोच दोष पुन्हा घडवून आणला. कुलूप धरणाऱ्या कामाला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय त्यांनी दुरूनच सुरू केली आणि यान पूर्ववत झाले. प्रक्षेपणापूर्वीच्या चाचण्यांत हा दोष क्वचित दिसला होता. त्याचे मूळ तेव्हा हाती लागले नव्हते.

नेमकी हीच भीती १९५७ च्या अखेरीस अ‍ॅम्स्टरडॅममधील एका २७ वर्षांच्या प्रोग्रामरला वाटली होती. त्याने ती लपविली नाही आणि नशिबावरही सोपविली नाही. वितरित संगणनातील उत्कृष्ट निबंधाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार आता डाइकस्ट्रा यांच्या नावाने दिला जातो. एकाच यंत्रावर अनेक उपकरणे परस्परांना अडथळा न आणता चालतात, तेव्हा त्यामागे त्या तीन महिन्यांच्या नकाराचा आणि त्यानंतरच्या परिश्रमांचाही वाटा असतो.